नवसाची कोंबडी

माझा बाप माळकरी. आमच्या घरात कोंबडीचं नाव काढायची सोय नव्हती. अन् मी आठ वर्षांची कार्टी, मुखेडच्या बाजारातून परकराच्या ओच्यात पिल्लू घालून घरी आले! कुण्या बाईच्या डालग्यातून पडलेलं, बैलगाडीच्या चाकाखाली जाणार तेवढ्यात मी उचललं. त्या बाईला लई हाका मारल्या, पण ती गर्दीत कुठं गेली कोण जाणे. पिल्लाचा एक पाय अधू, एक डोळा चिकटलेला. बापानं बघितलं अन् म्हणाला, "गोठ्यात ठेव. उंबऱ्याच्या आत आलं तर तुला बी गोठ्यातच झोपवीन."

पण तो शेतावर गेला की माय पिल्लू चुलीजवळ आणायची. टोपल्यात जुन्या लुगड्याची चिंधी, त्यात ते. भाकरी थापता थापता दोन कण्या टाकायची. "कुठं मरायला आलंस रं माझ्या घरी," म्हणायची अन् कोमट पाण्यानं त्याचा डोळा पुसायची. डोळा तिनंच उघडला. पाय मात्र लंगडाच राहिला.

पिल्लाची चांगली तांबडी कोंबडी झाली. तिला नाव काही ठेवलं न्हाई. "ये गं बाई ये," म्हणलं की लंगडत पळत यायची, मांडीवर बसायची, माझ्या वेणीचा गोंडा ओढायची. दुसऱ्या कुणी बोलावलं तर सरळ गोठ्याच्या छपरावर. माय हसायची, "आमच्या लेकीला लेक झाली म्हणा की!"

मग गावात मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून पटापटा मेल्या. दौऱ्यावर महसुलाचा गिरदावर आला की गावानं त्याला कोंबडी द्यायची, असा निजामाच्या राज्यातला कायदा. त्या खेपेला साहेबाला पिठल्यावर भागवावं लागलं. त्याचं आम्हाला लई हसू आलं. अन् दुसऱ्याच दिवशी माझ्या कोंबडीची मान लवली.

मी शिवेवरच्या लिंबाखाली मरीआईपुढं नाक घासलं. म्हणले, "हिला जगू दे, तुला कोंबडी देईन." लेकराची अक्कल! मला वाटलं, बाजारातून दुसरी आणू, ती देऊ. तिसऱ्या दिवशी माझी कोंबडी उठून दाणं टिपायला लागली. अख्ख्या गावात ती एकटीच वाचली. मला मिरवायची हौस. विहिरीवर बायांना सांगितलं, मी नवस बोलले म्हणून वाचली. तिथं चुलती घागर भरत होती. तिनं ऐकलं. पुढं रझाकारांच्या धास्तीनं बाजार भरायचाच बंद झाला, अन् दुसरी कोंबडी काही आली न्हाई.

त्याच साली पटकी आली. एक दिवस पहाटे मायला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, हातापायाला गोळे यायला लागले. चुलती दारात उभी राहून बापाला म्हणाली, "पोरगी नवस बोलून बसलीय. देवी वाट बघून राहिली, अन् तुमी मिठाची गुळणी धरून बसलाव?"

बापानं गळ्यातली माळ काढली अन् खुंटीला अडकवली. तवाच मला कळलं, आता काही खरं न्हाई.

कोंबडी कुणाला सापडते! ती छपरावर जाऊन बसली. बाप शिडी लावून चढला, चुलतीनं खालून काठी हलवली. ती इकडून तिकडं. आतून मायचं कण्हणं ऐकू येत होतं. शेवटी बाप खाली उतरला अन् माझ्यापुढं उकिडवा बसला. मला वाटलं, आता मारतो. पण तो हळू म्हणाला, "तू हाक मार."

"दुसरी आणू ना, बा."

"कुठून आणू, माय माझी?"

त्यानं मला असं कधीच म्हणलं नव्हतं. मी हाक मारली. ये गं बाई ये. ती छपरावरून फडफडत उतरली, लंगडत पळत आली अन् मांडीवर बसली. बापानं तिला माझ्या मांडीवरून उचललं. ती ओरडली बी न्हाई. माझ्या मांडीवर तिला कधी काही झालंच नव्हतं, मग ती कशाला भिते?

बाप शिवेवरून परत आला, हात धुतले अन् भिंतीला टेकून बसला. मी आत मायजवळ गेले. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "कोंबडीला दाणं टाकलेस का?"

"हाव."

"टोपल्याखाली झाकलीस का? बोका येतंय."

"झाकली."

"बरं," म्हणाली. पुन्हा बोलली न्हाई.

देवीनं कोंबडी बी घेतली अन् दिवेलागणीच्या आत माय बी. चुलती म्हणाली, नवस फेडायला उशीर झाला. तवा तिच्या झिंज्या उपटाव्या वाटल्या. आता तिचा राग येत न्हाई, देवीचा बी न्हाई. राग येतो तो माझ्या तोंडाचा. नवस त्यानंच बोलला, हाक त्यानंच मारली, अन् मरणाऱ्या मायला कोंबडी झाकली म्हणून बी त्यानंच सांगितलं.