मेंढा, रेडा आणि पदराखालचा सौदा

साताऱ्याहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा आम्हा दोघींच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पिशवीत ठेवलं की चेपतं, असं वन्संचं म्हणणं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वय साठीला टेकलेलं. तिकीट देता देता कंडक्टरनं आमच्याकडे दोनदा पाहिलं.

"मावशी, ड्रायव्हरवर इस्वास न्हाई व्हय?"

"आहे हो, पण रस्त्यावर नाही," वन्सं म्हणाल्या.

कुपवाडला वन्संच्या पुतण्याचं, विनायकचं, सायकलचं दुकान आहे. त्याच्याकडे आम्ही विकत घ्यायच्या दोन नव्या सायकली आमची वाट बघत उभ्या होत्या. एक सायक्लोक्रॉस: अंगानं हलकी, टायर बारीक पण खरबरीत, हँडल खाली वळलेलं. दुसरी डोंगरातली: रुंद सरळ हँडल, जाडजूड टायर, पण पुढे शॉकअप नाही, म्हणजे खड्ड्याचा हिशेब थेट मनगटाशी. पहिलीला आम्ही जागच्या जागी मेंढा म्हटलं, दुसरीला रेडा.

"काकू, एकेकच उरलीय," विनायक म्हणाला. "आलटून पालटून चालवत साताऱ्याला जा. एक तुमची, एक या मामींची. कुठली कुणाची ते घरी पोचायच्या आत ठरवा."

आम्हा दोघींत वाटणी म्हटलं की घोळ ठरलेला. सासूबाईंची मोरपंखी पैठणी आम्हा दोघींनाही हवी होती. "तुम्ही घ्या", "नको, तू घे" असं करता करता ती धाकट्या जाऊबाईंकडे गेली आणि आम्ही वर्षभर एकमेकींशी धड बोललो नाही. पुढे कशीबशी गोडी झाली ती रविवारी सकाळी सायकलवर बरोबर फिरायला लागल्यावर. ती मोडली तर माझे रविवार ओस पडतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सांगलीतून भडंगाच्या पुड्या घेतल्या आणि भिलवडीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ऊस, समोरून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर कर्ण्यात गाणी. मेंढ्यावर बसले आणि खरं सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले. डांबरावर तो नुसता पळायचा. एके ठिकाणी उसाचं पाणी फुटून रस्त्याचा रेंदा झाला होता, तिथे मी त्याला खांद्यावर टाकून पलीकडे गेले. ही जात त्यासाठीच घडवलेली असते, असं विनायकनं सांगितलं होतं. बांधावरचे एक आजोबा बघत होते.

"आगं बाय, सायकल तुजी का तू सायकलीची?"

वन्सं रेड्यावरून चिखल तुडवत आल्या आणि मध्यभागी रुतल्या. मी त्यांना ओढून काढलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मेंढा तुला शोभतो हं."

झालं! पैठणीसारखंच "तू घे" सुरू, म्हणजे त्यांनाही मेंढाच हवा होता. मी लगेच म्हटलं, "छे हो, मला तर रेडाच आवडला. मेंढा तुम्हीच घ्या." त्यावर त्या, "नाही गं, मलाही रेडाच." पलूसच्या अलीकडे चहाच्या टपरीवर आम्ही दोघी नको असलेल्या सायकलीवरून कडाकडा भांडलो. मग तशाच निघालो. वन्सं पुढे, मी मागे, मधे फक्त साखळीचा आवाज.

पुढच्या गावात जनावरांचा बाजार भरला होता. सावलीला सायकली टेकवल्या तर क्षणात माणसांचा गराडा पडला. एकानं टायर दाबून पाहिले, दुसऱ्यानं हँडलवरून हात फिरवला.

"शिंगं खाली वळल्याली हायत. असलं जनावर मारकं असतंय."

तिसरा खाली वाकून दातेरी चक्र मोजायला लागला. "दात लय हायत गड्या. म्हातारं दिसतंय."

एवढ्यात एक पांढऱ्या मिशांचा हेडी (जनावरांचा दलाल) पुढे आला. आमची तोंडं बघून काय झालंय ते त्यानं ओळखलं. वन्संनी सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "तोंडानं बोलून वाटणी हुतीय व्हय? रुमालाखाली करा." इथे सौदा असाच होतो: रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून मागणी सांगायची, समोरच्यानं बोटं दाबूनच उत्तर द्यायचं, शेजारच्याला पत्ता नाही. पण बाईमाणसाचा हात तो धरेना. त्यानं बायकोला हाक मारली. भाकरीचं फडकं बाजूला ठेवून ती आली आणि पदर पसरून बसली.

"एक बोट म्हंजे मेंढा, दोन म्हंजे रेडा. खरं तेच दाबायचं."

मी पदराखाली हात घातला. तिचा तळवा राकट आणि उबदार होता. कुणाला कळणार नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. एक बोट. तिनं लगेच हात सोडला.

वन्संचा हात मात्र बराच वेळ पदराखाली राहिला. दोघी एकमेकींकडे टक लावून बसलेल्या, पदर मधूनच हलायचा. मग हेडीणबाई उठल्या, मेंढा माझ्या हातात दिला, रेडा वन्संच्या.

"वन्संनी काय दाबलं?" मी हळूच विचारलं.

"पदरातलं पदरात ऱ्हाऊ दे. ईचारायचं नसतंय."

रात्री कराडला मावसबहिणीकडे भाकरी आणि झणझणीत आमटी जेवलो. दुसऱ्या दिवशी वन्सं रेड्यावर गाणं गुणगुणत होत्या, आणि मला वाटलं, चला, त्यांना खरोखरच रेडा हवा होता! अजिंक्यतारा दिसायला लागला तेव्हा मी हलकी झाले होते.

तरी घराच्या फाटकाशी राहवेना. मी माझी ओढणी पसरली आणि हात पुढे केला. वन्सं हसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि ओढणीखाली माझा हात धरला.

आधी एक बोट दाबलं. मग, हळूच, दोन.

बाजारात एवढा वेळ का लागला ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं: हेडीणबाईंनी माझं एक बोट त्यांना दाबून सांगितलं होतं, आणि वन्संनी आपला मेंढा मला सोडला होता. माझे डोळे भरून आले.

"वन्सं," मी म्हटलं, "मेंढा तुम्ही घ्या."

"नको गं," त्या म्हणाल्या, "तूच घे."

"नाही, तुम्हीच."

आतून नवरा ओरडला, "आधी घरात तरी या!" आम्ही अजून फाटकातच होतो.