तात्यांच्या ऑपरेशनसाठी दारोदार

मदत मागत फिरलात ना, की पैशाचं काय होईल ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र प्रत्येक दारात फुकट मिळतात! दिल्या आणि मी आमच्या दहिसरच्या चाळीतल्या तात्या परबांसाठी फिरलो, तेव्हा तर ढीग जमला.

तात्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपात नोकरी गेली आणि वर गालाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "आत्ता ऑपरेशन केलं तर हातात आहे. पुढे माझ्या हातात नाही." घरात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, शिलाई मशीनशिवाय कमाई नाही. मग काय, निघालो!

*

सुरुवात चाळीच्या फळ्यापासून. दिल्याने खडू घेतला आणि 'कॅन्सर' लिहायला गेला, तर काकी धावत आल्या.

"मेल्या, त्या रोगाचा नाव कित्याक? गाठ म्हणान लिव!"

लिहिलं. 'तात्यांच्या गालाला गाठ, सढळ हाताने मदत करा.' संध्याकाळपर्यंत काय जमलं? हळदीचा लेप, कसलंसं तेल, एक मंतरलेला दोरा आणि तीन काढे. रुपया? एक नाही!

दोन दिवस काकींनी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी स्वतःच खडू आणून दिला.

"कॅन्सर लिव रे झिला. मोठ्या अक्षरात लिव!"

*

अंधेरीच्या एका ट्रस्टने सांगितलं, पेशंटला घेऊन या. तात्या आले ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, कपाळाला गंध. मी म्हटलं, "तात्या, जरा साधं यायचं ना!"

"हापिसात जातंय, मयतीक नाय!"

बाजूला आमचा दिल्या. काडीपैलवान, दाढी वाढलेली, रात्रपाळी करून थेट आलेला. टेबलामागच्या बाई उठल्या, दिल्याला धरून खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नका हं, आजकाल बरे होतात." वर चहा आणि बिस्किटांचा पुडा!

तात्या उभेच. मी दिल्याला कोपर मारलं. "अरे सांग ना!"

"थांब यार, दोनच राहिलीत. मग सांगतो!"

*

मग उत्पन्नाचा दाखला. बोरिवलीच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "पगार बंद आहे असं गिरणीकडून लिहून आणा."

गेलो गिरणीत. गेटला हे एवढं कुलूप. आत फक्त एक वॉचमन, स्टुलावर बसून शेंगा खातोय. त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे एक शेंग फोडली.

"भाऊ, गिरणी बंद आहे हे लिहून द्यायला गिरणी उघडी नको का?"

*

फंडासाठी आम्ही क्रिकेटच्या मॅची ठेवल्या. गोराईच्या कोळ्यांची टीम आली, सगळ्यांची वाट लावून जिंकली, आणि बक्षीस घेण्याऐवजी उलट आम्हालाच पापलेटची टोपली दिली. "पैसं नाय रं, म्हावरं हाय!"

झकास! चाळीच्या चौकात लिलाव लावला. बोली चढत गेली आणि सगळ्यात वरची बोली कोणाची? तात्यांची! काकी गॅलरीतून ओरडल्या, "अहो, पैशे खयसून देतलास?"

तात्या म्हणाले, "फंड कोणाचो? माझो. मगे जातले खय?"

दिल्या दहा मिनिटं विचार करत होता, ह्यात चूक नक्की कुठे आहे!

*

इतकं सगळं करूनही पैसे अर्धेच जमले होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख चार दिवसांवर. शेवटचं दार घाटकोपरच्या एका शेठजींचं. त्यांची पद्धत अशी की दिवसाला दोघातिघांचे कागद मंजूर, बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यात यायचं. बाकड्यावर चौदापंधरा जण, निम्मे आमच्यासारखेच गिरणीवाले. आमचा नंबर तिसरा.

शेठजींनी कागद बघितले, तात्यांचा गाल बघितला, सही केली. "परबजी, जाव. ऑपरेशन करा लो." मग घंटी वाजवली. "आज बस इतनाच."

दिल्याने माझा हात असा दाबला की कळवळलो. मागे बाकड्यावरचे लोक पिशव्या उचलून उठायला लागले.

तात्या मात्र दाराकडे वळलेच नाहीत. भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोसमोर जाऊन हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू! होळीला, गणपतीला कोकणात गावी घालतात ना, अगदी तसं.

"बा देवा म्हाराजा! ह्या शेठान आज माका हात दिलो, त्येका बरकत दी रे म्हाराजा!"

बाकड्यावरून निम्मे जण, सवयीने, एका दमात, "व्हय म्हाराजा!"

शेठजी दचकले. पण देवाचं काहीतरी चाललंय म्हटल्यावर चपला काढून, हात जोडून उभे राहिले.

"त्येच्या पोराबाळांक, धंद्याक राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी शेठजीसुद्धा. चाल बरोब्बर पकडली होती त्यांनी!

तात्यांनी गाल एका हाताने धरला आणि आवाज आणखी चढवला.

"आणि हय बाकड्यार जी माणसा बसली आसत, त्येंतल्या एकाकय आज रिकाम्या हातान परत धाडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज शेठजींचा.

बाकड्यावरचे सगळे परत खाली बसले.