तीसपैकी तीस

माझी आत्या नर्सिंग कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थिनींना संशोधन शिकवते. बावीस वर्षांत तिच्या हाताखालून एकेचाळीस प्रबंध गेले. प्रत्येकात कुणाला तरी काहीतरी शिकवायचं, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घ्यायची आणि ज्ञानात लक्षणीय वाढ झाली असं सिद्ध करायचं. वाढ झाली नाही, असं आजवर एकदाही घडलेलं नाही.

परवा आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती कॉलेजच्याच रुग्णालयात दाखल झाली. आज सकाळी आत्याचीच एक विद्यार्थिनी कागद घेऊन खाटेपाशी आली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हे नातेवाइकांना कितपत माहीत आहे, असा तिचा विषय. उशाशी बसलेल्या आत्याने आजीची मुलगी म्हणून पेन्सिलीने भराभरा उत्तरं लिहिली. तीसपैकी तीस!

विद्यार्थिनी रडवेली झाली. "मॅडम, आधीच तीस, मग नंतर वाढ कुठून दाखवू?"

"रडू नकोस, चार उत्तरं चुकवते," म्हणत आत्या खोडरबर शोधू लागली.

"अगं शहाणे," आजी कण्हली, "पहाटेपासून उताणी पडलेय मी. पाठीची आग आग होतेय."

आत्याने चादर सारून पाहिलं. पाठ लालबुंद झाली होती.

"मॅडम, धरायचं कुठून?" विद्यार्थिनीने हळूच विचारलं.

आत्याने पदर खोचला, आजीच्या गुडघ्यांत उशी ठेवली. "खांदा आणि कंबर, दोन्ही एकदम." दोघींनी मिळून आजीला कुशीवर वळवलं.

"हां, आता विचारा काय ते," आजी म्हणाली.

आत्याने घड्याळ पाहिलं. "दोन तासांनी परत ये," ती विद्यार्थिनीला म्हणाली. "आणि येताना कागद आणू नकोस."