गोजराबाई खाली बसतात

घणसोली गावात गोजराबाईंना "खाली बसा" म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, कारण एकदा बसल्या की त्यांना उठवायला माणसं गोळा करावी लागत. मी त्यांची भाडेकरू. मूळची साताऱ्याकडची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, आणि घरमालकिणीची थट्टा करायचा हक्क भाड्यातच धरलेला आहे असं मानणारी. तेव्हा माझं बोलणं थोडं तिखट लागलं तर चालवून घ्या.

गोजराबाई गावच्या धवलारीण. आगरी लग्नात नवरीशेजारी पाटावर बसून धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते ती धवलारीण. गावातल्या निम्म्या पोरी गोजराबाईंनीच रडवून सासरी पाठवल्या आहेत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. पण गेल्या वर्षी पुतणीच्या हळदीत धवला संपला आणि बाई पाटावरून उठेनात. दोघांनी काखेत हात घातले, एकाने मागून रेटा दिला आणि कोणीतरी व्हिडिओ काढला. सकाळपर्यंत तो अख्ख्या गावाने बघितला होता. मीही बघितला. दोनदा.

तेव्हापासून त्यांचा मुलगा दिपेश प्लास्टिकची खुर्ची घेऊन आईच्या मागे फिरू लागला. माणूस गुणाचा, पण काळजी करायला लागला की समोरच्याचा जीव नकोसा करतो. त्याच्या मुलीचं, भाविकाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं, "आये, तू खुर्चीवर बस. धवले स्पीकरवर लावू. टेन्शनच नाय."

गोजराबाई तिथून तडक निघाल्या. जिना चढून, धापा टाकत माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीन, तुमचा तो वजनांचा क्लास कुठं हाय?"

क्लास आमच्या समाजमंदिरात भरतो. पन्नाशीच्या पुढच्या बायका, वाळूच्या पिशव्या, पाण्याने भरलेल्या बाटल्या आणि या सगळ्यांना धाकात ठेवणारी ऋता. ऋता फिजिओथेरपिस्ट आहे. तिचं म्हणणं साधं: स्नायू बसवून ठेवले की झिजतात आणि कामाला लावले की उतारवयातही कमावता येतात. पहिल्या दिवशी गोजराबाई नवं लुगडं नेसून, केसांत गजरा माळून आल्या. ऋताने वाळूची पिशवी दाखवली. "आजी, ही उचला, ताठ उभ्या राहा आणि परत खाली ठेवा."

"परत खाली?" गोजराबाईंनी लग्नाआधी मिठागरात डोक्यावरून पाट्या वाहिल्या होत्या. "उचलला तं नेऊन टाकाचा. जाग्यावरच ठेवाचा तं उचलला कनाला?" आणि पिशवी घेऊन त्या थेट दारापर्यंत चालत गेल्या, तिथे टाकून हात झटकत आल्या.

ऋता हसली. "छान. चालणं पण व्यायामच आहे. आता परत आणा."

परत आणायचं असतं हे त्यांना मिठागरात कोणी शिकवलं नव्हतं.

पुढे ऋताने एकदा बैठकांची मोजणी त्यांच्यावर सोपवली, तीच चूक झाली. एक-दोन-तीन म्हणणं त्यांना फार कोरडं वाटलं, म्हणून त्यांनी धवला धरला. एका ओळीला खाली जायचं, दुसरीला वर यायचं. आता धवलारीण ओळ मध्येच तोडत नाही, तो अपशकुन. आम्ही साऱ्याजणी अर्ध्या वाकून, मांड्या थरथरत ओळ संपायची वाट बघतोय, आणि बाईंच्या ओळीत नवरीचा मामा आला, मामी आली, आत्या आली, करवल्या आल्या. सगळ्यांना मांडवात घेतल्याशिवाय बाई काही थांबेनात. दुसऱ्या दिवशी गावात बऱ्याच बायका कठडा धरून जिना उलट्या उतरत होत्या. ऋताने मोजणी परत घेतली, पण गाणं बंद केलं नाही. उठताना आवाज सुटला पाहिजे, श्वास कोंडायचा नाही, म्हणाली.

लग्न जवळ आलं तशी बाईंना घाई झाली. ऋता अजून त्यांना बाकावरून उठवत होती आणि दर वेळी आधीपेक्षा बुटका बाक देत होती. जमिनीवरून एकटीने उठायचा प्रयत्न इतक्यात करू नका, असं तिने बजावलं होतं. गोजराबाईंनी घरी जाऊन दिपेशसमोरच पाट मांडला. बसल्या, आणि बसूनच राहिल्या. दिपेशने त्यांना उचललं आणि खुर्ची पुढे केली.

दुसऱ्या दिवशी त्या क्लासला आल्या नाहीत. मी भांडायच्या तयारीने खाली गेले. बाई ओट्यावर त्याच खुर्चीत बसून सुकट निवडत होत्या.

"खुर्ची मानवलेली दिसते," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "मास्तरीन, खुर्चीवरून गायला तं गाना पोरीच्या डोक्यावरून जाते. नवरी रडाया लागली का तिचा हात धराया मी खाली पायजे. स्पीकर हात धरल काय?"

ती बाई मला त्या क्षणी फार आवडली. ते लपवायला मी जरा जोरातच म्हटलं, "मग इथे सुकटीला काय सांगताय? उद्या या आणि ऋताला सांगा."

त्या आल्या. ऋताने रागावून घेतलं आणि मग टप्पे पाडून शिकवलं: आधी कुशीवर वळायचं, हात टेकून गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे घट्ट रोवायचं, दोन्ही हात स्वतःच्याच मांडीवर दाबायचे आणि वर यायचं. गोजराबाई रोज हे करत आणि रोज ऋताच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

हळदीच्या संध्याकाळी दिपेशने स्पीकर तयार ठेवला होता. गोजराबाई त्याच्या वायरीवरून पाय उचलून पुढे गेल्या आणि भाविकाच्या शेजारी पाटावर बसल्या. धवला सुरू झाला. मामा आला, मामी आली. भाविकाला हुंदका फुटला तेव्हा बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि गात राहिल्या. मला रडू आवरलं नाही.

मग उठायची वेळ आली. मांडवात दोन-तीन फोन वर झाले. दिपेश खुर्ची घेऊन धावला, हात पुढे केला. बाईंनी त्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. वळल्या, गुडघ्यांवर आल्या, पाऊल रोवलं. ओळ चालूच होती, आवाज जरा फाटला, पण तुटला नाही. कडेला क्लासच्या आम्ही सगळ्या सवयीने अर्ध्या वाकलो होतो. बाई सरळ उभ्या राहिल्या आणि ओळ संपली, तेव्हा आम्हीही सरळ झालो.

दिपेशने घाईघाईने खुर्ची त्यांच्या मागे सरकवली. गोजराबाईंनी ती एका हाताने उचलली. उचललेली वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय त्यांना अजून लागलेली नाही. त्यांनी ती दिपेशच्या मागे नेऊन ठेवली आणि त्याचा खांदा दाबला.

"बस बाला. तुजंच पाय कापतान."

दिपेश बसला आणि तोंड हातांत घेऊन सगळ्यांदेखत रडला. गोजराबाईंनी लुगड्याचा पदर खोचला आणि पुढचा धवला म्हणायला परत खाली बसल्या.