ढुंढिराज सरांचा मॉड्युलेशनचा तास

सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेल्या माणसाला घशाचा कॅन्सर व्हावा, याला काय म्हणायचं सांगा! नाशिक रोडच्या एका खासगी पॉलिटेक्निकात ढुंढिराज सरांनी उभी हयात इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना कम्युनिकेशन शिकवलं. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा पोरगा दचकून उठायचा. घराणं रामकुंडावर यजमानांना संकल्प सांगणाऱ्यांचं. गळा वडिलोपार्जित आहे, असं ते स्वतःच मिरवायचे. त्याच गळ्यातून डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं.

मग आलं ते टॉर्चएवढं यंत्र. गळ्याला टेकवून बटण दाबलं की एकसुरी घूंऽऽ करतं, आणि तोंड हलवलं की त्या घूंमधून शब्द उमटतात. सरांच्या पत्नी उत्तराकाकू म्हणाल्या, पुरे झालं आता, घरी बसा. पण सर कसले ऐकतात! शिकवणं सुटलं तर मागे उरणार काय, ही एकच भीती त्यांचं काळीज कुरतडत होती.

विभागप्रमुख तेजश्री मॅडम एकेकाळच्या त्यांच्याच विद्यार्थिनी. सरांनी एक तास घेऊन बघावा, मग ठरवू, असं त्या म्हणाल्या आणि तासाला मागे येऊन बसल्या. सरांनी विषय घेतला, मॉड्युलेशन कशासाठी लागतं.

पहिल्याच वाक्याला वर्गात खसखस पिकली. सरांनी ती पिकू दिली. मग सावकाश सांगायला लागले. आपला आवाज आहे तसाच रेडिओलहरींनी पाठवायचा म्हटलं, तर अँटेना नाशिकच्या द्वारका चौकापासून पार सिन्नरपर्यंत लांब लागेल. बरं, लावला एकदाचा, तरी सगळ्यांचे आवाज एकाच पट्टीतले. द्वारकेच्या चौकात सगळे रिक्षावाले एकदम ओरडल्यावर कुणाचं काय कळतं? म्हणून प्रत्येकाला वेगळी, वरच्या फ्रिक्वेन्सीची वाहक लहर द्यायची आणि आवाजाचे चढउतार तिच्यावर बसवायचे, हेच मॉड्युलेशन. अँटेना लहान पुरतो, आवाज लांब जातो, सरमिसळ होत नाही.

एवढं सांगून सरांनी यंत्र बाजूला धरलं आणि नुसते ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही. ओठ मिटून यंत्र गळ्याला लावलं, तर नुसतं घूंऽऽ. मग दोन्ही एकत्र केलं.

"रेडिओचं हुबेहूब असं नसतं," ते म्हणाले, "पण जवळपास असंच. घूं या यंत्राचं. शब्द तेवढे माझे."

नांदगावहून आलेल्या दिशाने हात वर केला आणि विचारलं, मग रेडिओत आपल्याला तो घूं का ऐकू येत नाही? अहो, असा प्रश्न विचारणारं पोर भेटायला मास्तर जन्मभर वाट बघतो! वाहक लहर रेडिओ संच बाजूला काढून टाकतो, हे समजावताना सरांना धाप लागली, पण समजावलं. त्या दिवशी घरी ते दोन घास जास्त जेवले. काकू कौतुकाने बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तेजश्री मॅडमनी बोलावलं. तास ऐकून डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या. पण मागे निम्मे शब्द पोचत नाहीत, या वेगाने सिलॅबस संपायचा नाही, पालक ओरडतील. सरांचे लॉकडाऊनमधले व्हिडिओ आहेतच, ते वर्गात लावू. सरांनी समोर बसावं, हजेरी घ्यावी, पगार चालू राहील.

"आवाज तुमचाच आहे ना, सर," त्या अगदी मायेने म्हणाल्या.

सरांनी होकाराची मान हलवली. दुसरं करणार काय होते?

सोमवारी पडद्यावर जुने ढुंढिराज सर गरजायला लागले. खाली खुर्चीत हे बसले. व्हिडिओ केला तेव्हा समोर पुस्तकांना टेकवलेला मोबाईल होता, माणूस नव्हता. थांबायचं तरी कुणासाठी?

"काही शंका?" पडद्यावरच्या सरांनी विचारलं.

दिशाचा हात वर गेला. सर धडपडत उठले, लॅपटॉप थांबवायचं भान राहिलं नाही, खिशातून यंत्र काढून त्यांनी गळ्याला टेकवलं.

"नाही ना? चला, पुढे जाऊ," पडद्यावरचे सर म्हणाले.

दिशाने हात खाली घेतला आणि पडद्यावरची आकृती उतरवायला लागली.