पंचमीचे मुराळी

भोरला आमच्या शेजारी कचेरीतले एक कारकून राहत. सणासुदीला ते आमच्याकडे जेवायला असत, आणि पानात भात पडला की त्यांची नदी सुरू होई. भाताचा डोंगर करून त्यावर आमटीची धार सोडायची आणि बोटानं तिला वाट काढून द्यायची. "ही वेल्ह्याची कानंदी, बघा. ही गुंजवणीला मिळाली. गुंजवणी नीरेला, नीरा भीमेला." तोवर आमटी निवून जाई. मला राग येई तो त्याचा.

त्या फाल्गुनात माझ्या भाचीचं लग्न ठरलं. वेल्ह्याची पोर, आईबाप गेल्यावर आमच्याकडे आलेली, पाठीला भाऊ नाही, आणि सासर लांब खाली नीरेच्या काठी. तिनं जेवण सोडलं होतं. पाडव्याला कारकुनांनी तिला भातातूनच सासरी पोचवलं.

"बघ पोरी, तुझ्या दारचंच पाणी तिथं जातं."

"जातं व्हय. पण काका, ते परत वर येतं का? नागपंचमीला मला माहेरी आणायला मुराळी कोण यायचा?"

त्यांचं बोट भातातच थांबलं. मग म्हणाले, "मी येईन."

तिनं पान पुढं ओढलं.

असल्या बोलण्यावर मी फारशी विसंबत नाही. पण पंचमीच्या आदल्या दिवशी भर पावसात दाराशी बैलगाडी थांबली. आधी भाची उतरली, मागून कारकून, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"नीरा कशी होती?" मी विचारलं.

"कुणी पाहिली! पोरीच्या डोक्यावर छत्री धरायची का नदी बघायची?"

मी निर्धास्त झाले आणि पंचमीच्या पुरणाच्या दिंडांसाठी डाळ शिजत टाकली.