अकरा एकांचा आकडा

दिंद्रुडात मंजुषा मॅडमच्या क्लासला बसलेल्या प्रत्येकाला एक आकडा पाठ असे: ओळीनं अकरा वेळा एक. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. हा कशानंच भागला जात नसावा, असं ती सांगायची. बीडला एमएस्सी करताना तिला हा नाद लागला. कॉम्प्युटरला विचारलं तर उत्तर क्षणात मिळेल हे तिलाही कळत होतं, पण ते तिला स्वतःच्या हातानं काढायचं होतं. बारा वर्षांत एकेक मूळ संख्या घेऊन दोन हजारांवर भागाकार झाले, मजल एकोणीस हजारांपर्यंत गेली. बाकी शून्य काही येईना.

गेल्या वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि स्वप्नाली घरात आली. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ही पालीला मावशीकडं राहून बारावी झालेली. सासूबाई, छबुबाई, दोन महिन्यांत तिच्या भाकरीचं कौतुक करू लागल्या, त्याचं मंजुषाला काही वाटलं नाही. एका दुपारी मात्र स्वप्नालीनं मंजुषाची भागाकारांची वही चाळली आणि मलाही एखादं गणित द्या म्हणाली. मंजुषानं हसून तोच आकडा दिला. चार दिवसांत कंटाळेल, असा तिचा अंदाज.

तिसऱ्या आठवड्यात स्वप्नाली कागद घेऊन आली. तिनं सुरुवात लहान आकड्यांपासून केली होती. पाच एकांचा आकडा म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. दोन्हींना पाचाच्या दुपटीनं, दहानं भागलं की एक उरतो. सात एकांच्या दोन्ही भागांना चौदानं भागलं तरी एकच उरतो. मग अकराला बावीस लावून बघावं, असं तिच्या मनात आलं. बावीसनं भागल्यावर एक उरणाऱ्या मूळ संख्या तेवढ्या घेतल्या, बाकीच्यांना हातच लावला नाही. दोन-अडीचशे भागाकारांत २१,६४९ सापडला.

मंजुषा कागद घेऊन क्लासच्या खोलीत गेली, दार लोटून भागायला बसली. उत्तर आलं ५,१३,२३९. बाकी शून्य. तिचं काळीज जळालं. हा नियम खरा का, हे सिद्ध करण्याएवढं गणित ती शिकली होती. वापरायचं तेवढं कधी सुचलं नव्हतं.

"चुकलंय," बाहेर येऊन ती म्हणाली. "हातचा धरताना गडबड झालीय."

स्वप्नालीनं कागदाची घडी घातली आणि पीठ मळायला गेली.

त्यानंतर मंजुषाला तिचं काहीच बघवेना. तिचं वळणदार अक्षर, दारात बसून पोरींशी हसणं, सगळंच खुपायला लागलं. ती पुन्हा भागायला बसेल म्हणून मंजुषा पाळत ठेवून होती, पण ती बसलीच नाही. क्लासमधल्या बबितानं एकदा विचारलं, मॅडम, आकडा कुठवर आला? चालू आहे, असं मंजुषानं सांगितलं आणि फळ्याकडं तोंड फिरवलं.

दहाव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"ते बरोबर होतं. मी खोटं बोलले."

"मला म्हाइत हाय, ताई. त्याच दिशी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर गुणून बघितलं."

"मग बोलली न्हाईस कावून?"

"तुमी बारा वर्षं घातली त्यात. मला तीनच आठवडे झालते."

यापेक्षा ती भांडली असती तर मंजुषाला सोपं गेलं असतं. आता तिच्या शहाणपणाचाही हेवा करायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही संख्या फळ्यावर लिहिल्या, वर स्वप्नालीचं नाव लिहिलं आणि तिलाच समजावून सांगायला उभं केलं. पोरं वहिनी, वहिनी करत तिलाच शंका विचारत होती. मॅडमकडं कुणी बघत नव्हतं.

क्लास सुटल्यावर मंजुषानं तिला तेरा एकांचा आकडा दिला. सव्वीसचा हिशोब लावून स्वप्नालीनं त्रेपन्ननं भागलं. पहिल्याच फटक्यात बाकी शून्य.

"आनखी हाय का, ताई?"

"न्हाई," मंजुषा म्हणाली.

सतरा एकांचा होता. तो तिनं सकाळीच नव्या वहीत लिहून घेतला होता, आणि वही कपाटात साड्यांखाली ठेवली होती.